गवती चहा, मनाचा ताण आणि गावाची विचारपूस

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर करावयाच्या भाषणाचा मजकूर)



मनावरचा ताण हा शहरी माणसाचा विकार आहे, अशी समजूत अद्याप रूढ आहे. गर्दी, गोंगाट आणि कचेरीतील धावपळ यांच्याशी ताणाचे नाते जोडले जाते. डोंगराच्या कुशीत, मोकळ्या हवेत राहणाऱ्याला त्याची बाधा होत नसावी, असे गृहीत धरले जाते. नंदुरबार जिल्ह्याकडे थोडे निरखून पाहिले, तर ही समजूत टिकत नाही.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत डोंगरउतारावर विखुरलेले पाडे आहेत. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी आणि अन्य मजुरीसाठी गुजरातेत किंवा राज्यातील साखर कारखान्यांच्या भागात जातात. मागे राहतात ते वृद्ध आईवडील आणि आश्रमशाळेतील मुले. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व याच दोन तालुक्यांतील होत. नर्मदाकाठ सोडून तळोदे आणि शहादे भागातील वसाहतींत आलेल्या पिढीने घर, शेत, नदी आणि शेजार हे सारे एकदम मागे टाकले. त्याखेरीज कर्ज आहे, आजारपण आहे, पावसाची हुलकावणी आहे. या माणसांच्या तोंडी ‘ताण’ हा शब्द क्वचित येतो. ‘डोके जड झाले’, ‘झोप लागत नाही’, ‘छातीत धडधडते’, ‘कशात जीव रमत नाही’ अशा शब्दांत ही तक्रार प्रकट होते. अंगदुखीची गोळी देऊन तिची बोळवण केली जाण्याचा संभव फार असतो.

अशा वेळी घरातील जाणती बाई काय करते? ती चुलीवर आधण ठेवते. परसात असेल तर गवती चह्याची पाती, तुळशीची पाने, सुंठेचा किंवा आल्याचा तुकडा पाण्यात टाकते आणि पेला हातात देते. हा उपचार किती खरा, त्याचा उपयोग कोठवर आणि धोका कोठे, याचा विचार येथे करावयाचा आहे. अलीकडे ‘हर्बल टी’ या नावाने रंगीत डब्यांतून हीच वस्तू शहरांत चढ्या भावाने विकली जाते, आणि त्या डब्यांवर मनःशांतीची आश्वासने छापलेली असतात. जिच्या अंगणात ही वनस्पती फुकट उगवते, त्या गृहिणीला निदान खरी माहिती मिळाली पाहिजे.

चहा कोणता आणि फांट कोणता

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ज्याला आपण चहा म्हणतो तो एका विशिष्ट झुडपाच्या पानांपासून होतो, आणि त्यात कॅफीन असते. कॅफीन मेंदूला जागे ठेवते. संध्याकाळी घेतलेल्या चह्यातील कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरलेला असू शकतो. गवती चहा, तुळस, सुंठ, ओवा यांच्या उकळीत कॅफीन नसते. म्हणून झोपेची तक्रार असणाऱ्याने सायंकाळचा चहा सोडून गवती चह्याचे नुसते पाणी घेतले, तर त्याला बरे वाटण्यास एक सरळ कारण आहे. मात्र चहापत्ती, दूध आणि साखर घालून वर दोन पाती टाकली, तर तो चहाच राहतो, केवळ सुगंधी होतो. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत गवती चहा याच रीतीने वापरला जातो, हे मान्य केले पाहिजे.

आयुर्वेदाने या पेयांचे प्रकार फार पूर्वी वेगळे केले आहेत. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कल्पना तेथे सांगितल्या आहेत. क्वाथ म्हणजे काढा. वनस्पती पाण्यात बराच वेळ उकळून, पाणी आटवून तो करतात, म्हणून तो तीव्र असतो. फांट म्हणजे गरम पाणी वनस्पतीवर ओतून, काही वेळ ठेवून गाळून घेतलेले पाणी. कोवळी पाने, फुले आणि सुगंधी गवते यांना फांट मानवतो, कारण त्यांतील सुगंधी तेल उडून जाणारे असते. झाकण न ठेवता पाती खळखळा उकळली, की घरभर वास सुटतो आणि पेल्यात तो थोडाच उरतो. रोज घ्यावयाचे पेय सौम्य असावे, या दृष्टीनेही फांट बरा. काढा औषध म्हणून, ठरावीक दिवस, जाणकाराच्या सल्ल्याने घ्यावा.

गवती चह्याच्या तेलात सिट्रल हा लिंबासारख्या वासाचा घटक प्रामुख्याने असतो. हे गवत ब्राझील देशातही घरोघर लावतात, आणि तेथेही मन शांत होण्यासाठी त्याचे गरम पाणी पिण्याची रीत आहे. तेथील शास्त्रज्ञांनी या रीतीची पद्धतशीर तपासणी करून १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेय निर्धोक आढळले. परंतु झोप आणणे किंवा चिंता कमी करणे हा गुण या गवतात असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तुळशीविषयीचे चित्र थोडे आशादायक आहे. ताण, झोप आणि मनःस्थिती यांवर तिचा अनुकूल परिणाम झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे, तथापि त्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांत बहुधा तुळशीचा अर्क ठरावीक मात्रेत दिलेला होता. अंगणातल्या चार पानांना तेवढेच श्रेय देणे घाईचे होईल. लाल अंबाडीच्या बोंडांवरील मांसल पाकळ्या वाळवून आंबट, लालभडक पेय होते. मिसर देशात ते मोठ्या आवडीने पितात. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ प्रौढांपैकी ज्यांनी सहा आठवडे रोज तीन पेले हे पेय घेतले, त्यांचा वरचा रक्तदाब सरासरीने सुमारे सात अंशांनी उतरला. हा परिणाम रक्तदाबावरचा होय. मनावरच्या ओझ्याशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही.

मग घरोघरीचा अनुभव खोटा म्हणावयाचा काय? तसे नाही. ब्राझीलच्या तपासणीतून गवताचा गुण बाजूला काढला, तरी उरते ते थोडे नसते. दिवसभर राबलेली बाई पेला हातात घेऊन दहा मिनिटे बसते. वाफ नाकाशी येते, श्वास संथ होतो. कोणी तरी शेजारी बसते आणि ‘काय झाले?’ असे विचारते. या विचारण्याचे सामर्थ्य किती, याचा पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

विदर्भातील उदाहरण

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा भाग सर्वांच्या परिचयाचा झाला होता. गावातीलच व्यक्तींना प्रशिक्षण देण्यात आले. घरोघर जाणे, ऐकून घेणे, धीर देणे, आणि आवश्यक तेथे समुपदेशक व डॉक्टर यांच्याकडे पाठविणे हे त्यांचे काम होते. २०१७ साली या कार्यक्रमाचे फलित प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी अवघे ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. झिंबाब्वे देशात तर दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून प्रशिक्षित आजीबाई लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. तेथील चाचणीचे अनुकूल निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

या दोन्ही ठिकाणी औषधी पाला वापरलेला नव्हता. वापरलेली वस्तू होती ती वेळ, आणि विचारपूस करण्याची शिकलेली रीत. नंदुरबारच्या पाड्यावर एखाद्याला ‘तुझे मन बरे नाही, चल समुपदेशनाला’ असे म्हटले, तर तो उठून जाईल. ‘बस, पेलाभर पाणी घे’ म्हटले, तर तो बसेल. गरम पेयाचा खरा उपयोग येथे आहे. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाची चौकशी, वसाहतीतील वृद्धांची बैठक, आश्रमशाळेत घरच्या आठवणीने रडणाऱ्या नव्या मुलाशी रात्रीच्या जेवणानंतर अधीक्षकांनी केलेले बोलणे, अशा प्रसंगी तो पेला बोलण्यास निमित्त देतो. ग्रामसभेला चहाचा खर्च होतोच. त्यातील एखादी बैठक या कामासाठी योजली, तर वेगळ्या मंजुरीची अपेक्षा करीत बसण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. सायंकाळी मनाचा भार हलका करण्याचा जो मार्ग अनेक घरांत पुरुषांनी धरलेला आहे, तो दारूचा आहे. मोहाचे फूल या भागात अन्न आहे, उत्पन्न आहे आणि देवकार्यातही त्याला स्थान आहे. त्याची निंदा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु रोजच्या दारूने झोप तुटक होते, चिंता वाढते आणि त्याची झळ घरातील स्त्रीला व मुलांना बसते. गवती चह्याने दारू सुटते, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. फार दिवस पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातापायांना कंप, भ्रम व झटके असे गंभीर त्रास होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी लागते.

पेला केव्हा घेऊ नये

आता ज्या मुद्द्याकडे शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे, त्याकडे वळणे इष्ट होईल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. कुपोषणाचा प्रश्न असलेल्या डोंगरी तालुक्यांत याचे गांभीर्य अधिकच मानले पाहिजे. धान्य, डाळ आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते. त्यावर जेवणाबरोबर चहा घेतला, की चहातील तुरट द्रव्ये त्या लोहाला बांधून टाकतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जेवणाबरोबर घेतलेल्या काळ्या चहाने लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले, असे आढळले. आश्चर्याची गोष्ट अशी, की केवळ वनस्पतींच्या चह्यांनीही ते घटले. पुदिन्याच्या एका जातीच्या पेयाने ८४ टक्के, तर कॅमोमाइल या फुलांच्या पेयाने ४७ टक्के. ‘पाल्याचे आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ या समजुतीला हा मोठाच छेद आहे. गवती चहा त्या तपासणीत नव्हता. तथापि सावधगिरी म्हणून नियम एकच ठेवावा: कोणताही चहा जेवणाबरोबर नको.

दूध नसले की कोरा चहा आणि त्याबरोबर भाकरी, हे अनेक घरांतले सकाळचे जेवण असते. तेव्हा हा नियम सांगण्यास सोपा, पाळण्यास कठीण आहे, याची जाणीव सांगणाऱ्याने ठेवावी. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर राहिले, तरी नुकसान पुष्कळ कमी होते. जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा दिला, तर लोहाचे शोषण उलट वाढते. आश्रमशाळेतील मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोहाची गोळी आणि गरोदर स्त्रियांची रोजची गोळी पाण्याबरोबरच घेतली जाईल, चहाबरोबर नाही, याकडे लक्ष ठेवणे हे काम फुकटचे आहे आणि मोलाचे आहे.

या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम आणि मनाचा ताण यांमुळे हे दुखणे उसळते. अशा रुग्णाने दिवसभर पाणी भरपूर पीत राहावे, आणि त्यात सौम्य, कोमट फांटाचा एखादा पेला असण्यास सामान्यतः हरकत नाही. परंतु दुखणे उठल्यावर काढे देत घरी बसणे जिवावर बेतू शकते. तसेच सिकलसेलचा रक्तक्षय आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय हे भिन्न आहेत. म्हणून लोहाची गोळी द्यावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यातील तपासणीसाठी पाड्यावरील प्रत्येक माणूस पोहोचेल, हे पाहणे पंचायतीचे काम आहे.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. कोणताही चहा नको आणि काढाही नको. गरोदर स्त्रीने तीव्र काढे टाळावेत. ज्येष्ठमध गोड लागते म्हणून पेल्यात टाकण्याची सवय आहे, पण ते सतत घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते.

कोविडच्या साथीत, २०२० साली, केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली. प्रमाण होते तीन ग्रॅम चूर्ण आणि १५० मिलिलिटर पाणी, दिवसातून एक किंवा दोन वेळा. घरोघरी मात्र मुठीने मसाले घालून दिवसभर काढा पिण्याचा प्रघात पडला आणि पोटात जळजळ होण्याच्या तक्रारी ऐकू येऊ लागल्या. गुळवेलीचे प्रकरण याहून गंभीर ठरले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यावर, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आयुष मंत्रालयाने पुढे केली. या वादात न पडताही एक गोष्ट निश्चित होते. वेल ओळखणे हे तज्ज्ञांनाही सहज नाही. सातपुड्यातील जाणती माणसे वनस्पती पान, खोड, वास आणि ऋतू पाहून ओळखतात. तोरणमाळच्या परिसरातील औषधी वनस्पतींविषयीचे हे ज्ञान नोंदवून ठेवण्याचे काम शाळांनी घेतल्यास मुले आजोबांकडून शिकतील. धोतरा आणि कण्हेर या विषारी वनस्पतींची ओळख मात्र सर्वप्रथम करून द्यावी.

सपाटीवर, शहादे व नंदुरबार भागात, कापूस आणि मिरची यांवर फवारणी होते. त्या शेतांच्या बांधावरचा पाला पेयासाठी कधीही तोडू नये. कीटकनाशकाची रिकामी बाटली पाण्यासाठी वापरू नये, आणि भरलेली बाटली घरात न ठेवता कुलपात ठेवावी. मनस्ताप असलेल्या घरात ही दुसरी सूचना एखाद्याचा जीव वाचवू शकते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामावरचे चित्त उडाले असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलून दाखवीत असेल, तर पेल्याची वेळ संपली असे समजावे. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून जिल्हा रुग्णालयात न्यावे. आत्महत्येची भाषा असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र बोलता येते. ज्या पाड्यावर दूरध्वनीचा संपर्क मिळत नाही, तेथे आशा कार्यकर्तीच्या हाती निरोप पोहोचला पाहिजे. गावचा बडवा या कामात वगळू नये. आजारी माणूस बहुधा प्रथम त्याच्याकडेच जातो. ‘तुमचे विधी झाले की दवाखान्यात पाठवा’ एवढी विनंती त्याला आदराने केली, तर रुग्ण वेळेवर दवाखान्यात येण्याचा संभव वाढतो. मनाच्या आजारावर किंवा रक्तदाबावर गोळ्या चालू असणाऱ्याने काढ्याच्या भरवशावर त्या बंद करू नयेत.

राहता राहिला लागवडीचा प्रश्न. गवती चह्याचे बी शोधत बसण्याचे कारण नाही. जुन्या ठोंबाला फोडून मुळासकट काढलेले फुटवे लावले की काम भागते. जागा निचऱ्याची हवी. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या नळाखालून वाहून जाणारे पाणी जिथे पोहोचेल, पण साचणार नाही, अशी बांधाकडेची पट्टी उत्तम. फुटव्यांत हात-दीड हात अंतर ठेवावे. पात्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून लहान मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर ठोंब नसावा. पाती जमिनीपासून वीतभर वर कापावीत, धुऊन सावलीत वाळवावीत आणि कोरड्या डब्यात भरावीत. उन्हात वाळविल्यास सुगंध उडतो. एकदा लावलेला ठोंब चार-पाच वर्षे उत्पन्न देतो, त्यानंतर तो पुन्हा फोडून लावावा. पावसाच्या आरंभी, जूनमध्ये लावणी केली, तर पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी, म्हणजे मजूर कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी हाती येते.